कधीपर्यंत आहात जपानमध्ये?

प्रश्न साधा होता, विचारणाऱ्यांचा सूरही चांगलाच होता. तरी तो मनातून जात नाहीये. केन्दो, म्हणजे बांबूच्या तलवारीचा जपानी खेळ, शिकायला येऊ का, असं विचारलं तर सेन्सेईंनी, म्हणजे तिथल्या गुरुजींनी, सगळ्यात आधी हेच विचारलं. नाव त्यानंतर. पूर्वी काही खेळलात का, गुडघे-पाठ ठीक आहे ना, तेही त्यानंतर.

हा प्रश्न इथे नवीन नाही. घर दाखवणारा एजंट विचारतो, मोबाइलच्या दुकानात रहिवासी कार्डावरची तारीख बघूनच हप्ते बांधून देतात. तिथे कधी लागलं नाही, कारण तो व्यवहार असतो. दोजोच्या, म्हणजे सरावाच्या जागेच्या, दारात मात्र लागलं. ताईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "अगं, मग सांगून टाकायचं ना!" काय सांगून टाकू? कार्डावर तीन वर्षं लिहिलीत, त्यातली काही सरली. पुढचं काय ते ऑफिस ठरवणार. आणि आईचं ते ऑपरेशन... असो, ते आज नको.

टोक्योतल्या भारतीय वस्तीत, निशी-कासाईला, गणपतीत गेलं की आपली माणसंही विचारतात, पण ती विचारतात, "किती वर्षं झाली?" तो प्रश्न मागे बघतो. जे झालं ते कुणी काढून घेत नाही. सेन्सेईंचा प्रश्न पुढे बघणारा होता आणि पुढचं माझ्या हातात काहीच नाही. लागलं ते बहुतेक यामुळे.

आणि कदाचित यामुळेही, की तिथपर्यंत पोचायलाच खूप चिकाटी लागते. रोमन अक्षरांत शोधलं की परदेशी लोकांना सरावलेले तेच मोजके दोजो समोर येतात आणि बहुतेक घरापासून तासाभरावर असतात. केन्दोला लांबचा दोजो झेपत नाही. आठवड्यातून दोनदा, ऑफिस सुटल्यावर, खांद्यावर बोगूची, म्हणजे चिलखताची, पिशवी आणि हातात शिनाई, म्हणजे बांबूची तलवार, घेऊन जायचं, रात्री नऊ-साडेनऊला सुटायचं. सायकलवर जाता येईल तोच आपला दोजो. तो जपानीतच सापडतो. वॉर्डाचं नाव, मग केन्दो, मग 'इप्पान', तिन्ही कांजी लिपीत. 'इप्पान' म्हणजे मोठ्या माणसांचा वर्ग. तो शब्द नसेल तर निघणारे निम्मेअधिक गट 'शोनेन', म्हणजे मुलांचे असतात.

त्याहून खात्रीचा रस्ता संघटनेचा. देशाची केन्दो संघटना १९५२ची, तिच्याखाली ४७ प्रांतांच्या, त्यांच्याखाली शहरांच्या आणि वॉर्डांच्या. वॉर्डाच्या संघटनेच्या पानावर कुठल्या व्यायामशाळेत कुठल्या वारी किती वाजता सराव असतो त्याची यादी असते. पान जुनं असतं, फोन नंबरापुढे फॅक्सचा नंबर असतो, पण वेळा सहसा बरोबर असतात, कारण हॉलचं आरक्षण वर्षानुवर्षं बदलत नाही. दुसरं म्हणजे वॉर्डाचं माहितीपत्रक. त्यात बारीक अक्षरांत नवशिक्यांच्या वर्गाची जाहिरात येते. थोड्याच संध्याकाळी, फी नावापुरती, शिनाई त्यांचीच. अट बहुतेक एकच, वॉर्डात राहणारे किंवा कामाला असणारे. आणि हे दोन्ही जमलं नाही तर बोगूच्या दुकानात जाऊन विचारावं. आसपासचे सगळे सेन्सेई दुकानदाराला नावानिशी माहीत असतात आणि कोण मोठ्या वयाच्या नवशिक्यांना घेतं हेही.

जागाही एकसारख्या नसतात, हे मला नीट माहीत नव्हतं. खासगी 'माची-दोजो' एका घराण्याचा असतो. लाकडी जमीन त्यांची, समोरच्या भिंतीवर 'कामिदाना', म्हणजे छोटा देव्हारा, फी थोडी जास्त, नियम त्यांच्या आजोबांपासूनचे. वॉर्डाच्या व्यायामशाळेतला गट दर वेळी हॉल भाड्याने घेतो. महिन्याची वर्गणी दोन-तीन हजार येन, सरावानंतर जमीन पुसून दिवे घालवून वेळेत बाहेर. शाळेच्या व्यायामशाळेत भरणारे गट मुख्यतः मुलांचे, पण कोपऱ्यात आया उभ्या असतात. मुलाला सोडायला आल्या आणि स्वतः शिकायला लागल्या अशा कितीतरी. पोलीस ठाण्यांतही दोजो असतो, तिथेही वस्तीतल्या मुलांना शिकवतात. विद्यापीठांचे आणि कंपन्यांचे गट बाहेरच्यांना सहसा मिळत नाहीत.

परदेशात आधी 'दान', म्हणजे केन्दोची श्रेणी, मिळवून आलेल्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी प्रमाणपत्र आणावं, आधीच्या सेन्सेईंचं पत्र आणावं, म्हणजे दार चटकन उघडतं. कोरी पाटी घेऊन येणाऱ्याने काय आणावं? वेळ. नेमकं तेच त्यांनी विचारलं, आणि तेच माझ्याकडे मोजून आहे.

पहिल्यांदा जायचं ते 'केनगाकु'ला, म्हणजे नुसतं बघायला. ईमेल आधी करावी, नाव, वय, अनुभव नाही, अमुक वारी बघायला येऊ का, एवढंच. उत्तराला आठवडा लागला तर तो नकार नसतो. शिकवणारे दिवसा नोकरी करतात, पगार घेऊन केन्दो शिकवणारे अगदी थोडे. जाताना पंधरा मिनिटं आधी पोचावं. चपला काढून टोकं दाराकडे करून ठेवायच्या, मोजे धड असावेत, उंबऱ्याशी वाकायचं आणि दाराच्या बाजूला बसायचं. जमिनीवर ठेवलेल्या शिनाईला ओलांडायचं नाही, वळसा घालायचा. आपल्याकडे कोल्हापूरच्या तालमीत मातीला हात लावून कपाळाला लावल्याशिवाय कुणी आत उतरत नाही, तसंच हे. मला ते कुणी शिकवावं लागलं नाही, हात आपोआप जोडले जात होते. तेव्हा वाटलं होतं, जमेल इथे. आणि मग तो प्रश्न.

सरावाच्या आधी एका मुलाची शिनाई सेन्सेईंनी हातात घेतली. शिनाई चार बांबूच्या पट्ट्यांची असते. टोकाला चामड्याची टोपी, मुठीला चामड्याची खोळ, वरून दोरी, आणि टोकापासून साधारण चौथ्या हिश्श्यावर चामड्याची वादी गुंडाळलेली. त्यांनी वादी अंगठ्याने ढकलून बघितली. ती सरकली. मग एकेका पट्टीवरून बोट फिरवलं आणि एका जागी थांबले. एक कूस उभी राहिली होती, नखाएवढी. वादी सैल झाली की पट्ट्या एकमेकींपासून सुटतात, आणि अशी कूस शिरस्त्राणाच्या गजांमधून डोळ्यात जाऊ शकते. त्यांनी दोरी सोडली, टोपी काढली, पट्ट्या वेगळ्या केल्या, कूस चाकूने तासली, कड सॅंडपेपरने गुळगुळीत केली, सगळं पुन्हा बांधलं, वादी आवळून गाठ घातली आणि शिनाई मुलाला परत दिली. यात बराच वेळ गेला. दरम्यान बाकीचे पाय पुढे-मागे सरकवण्याचा सराव करत होते. पट्टीला चीर असती तर तासून भागलं नसतं, पट्टीच बदलावी लागते.

घरी आल्यावर मी त्याच वेळेचा हिशोब करत बसले. नवशिक्याला पहिले कित्येक महिने बोगू चढवत नाहीत. आधी बसणं-उठणं, बसताना डावा गुडघा आधी, उठताना उजवा पाय आधी. मग पाय सरकवणं, डावी टाच किंचित उचललेली. मग 'सुबुरी', हवेत वार. हे सगळं करताना समोर कुणीतरी उभं असावं लागतं, नाहीतर उजव्या हातात जोर येतो आणि खांदा वर चढतो. तशी सवय लागली की ती मोडायला शिकायला लागला त्याच्या दुप्पट वेळ जातो. म्हणजे ज्या कुणाला माझ्यासमोर उभं राहायचंय, त्याचा स्वतःचा सराव तेवढा बुडणार. वर्गणी दोन हजार. त्यातून फार तर हॉलचं भाडं निघतं.

मग बोगू. दोजोच्या कपाटात जुनं असतं, ते देतात. हाताच्या मोज्यांचा तळवा फाटलेला, शिरस्त्राणाला पावसाळी वास. तेच वापरायचं, स्वस्त संच ऑनलाइन मागवायचा नाही. शिरस्त्राणाच्या गजांत वरून सहाव्या-सातव्यामधली फट जरा रुंद असते, डोळे नेमके तिथे यावे लागतात. हनुवटीशी माप चुकलं की डोळे त्या फटीत येत नाहीत, मग माणूस हनुवटी उचलून बघायला लागतो आणि गळा उघडा पडतो. म्हणून डोक्याचा घेर आणि कपाळावरून हनुवटीखालचा घेर दुकानात मोजूनच घ्यायचं. नवा संच पन्नास-साठ हजार येनांपासून पुढे. सेन्सेई घ्या म्हणतील तेव्हाच घ्यायचा.

परीक्षांचं गणित तर स्वच्छच आहे. शोदान, म्हणजे पहिलं दान, मिळाल्यावर दुसऱ्या दानला एक वर्ष थांबायचं, तिसऱ्याला आणखी दोन, चौथ्याला तीन, पाचव्याला चार, सहाव्याला पाच, सातव्याला सहा. आठव्याला दहा वर्षं, आणि वय किमान ४६. दर वेळी पास झालं तरी शोदानपासून सातव्यापर्यंत एकवीस वर्षं. सेन्सेई सातवे दान आहेत. माझी तीन वर्षं पूर्ण मिळाली तरी शोदान, आणि जमलं तर दुसरं दान. त्याला लागणारे 'काता', म्हणजे जोडीने करायचे ठरलेले वार, हाताने लिहायची जपानी उत्तरं, वॉर्डाच्या संघटनेमार्फत महिनाभर आधी भरायचे अर्ज, हे सगळं कुणीतरी माझ्याकडून करून घेणार.

हे मांडल्यावर प्रश्न थोडा निवळला. तो मला दारात थांबवायला नव्हता. किती बियाणं पेरायचं ते ठरवायला होता. सहा महिनेच राहणार असेन तर वार आणि पाय एवढंच शिकवतील, तीन वर्षं असतील तर बोगू चढवतील, परीक्षेचं बघतील. दोन्हींना ते नाही म्हणत नाहीत, हे मी त्याच संध्याकाळी पाहिलं होतं. मुलांच्या रांगेत मोठी माणसंही होती आणि वर्षभरासाठी बदलीवर आलेला एकजण तिथे होताच. मुलं कमी झालीत, रांग लांब नाही, हेही दिसत होतं.

तरी पूर्ण निवळला असं म्हणवत नाही. कमरेच्या पुढच्या पट्टीवर 'झेक्केन' असतं, जाड गडद निळ्या कापडावर पांढरी अक्षरं. वर आडवं दोजोचं नाव, खाली उभं आडनाव. माझं कातकाना लिपीत सहा अक्षरी होईल, जरा लहान करून बसवावं लागेल. ते नाव शिवलेलं बघायची मला घाई झाली आहे, आणि इतकी घाई का, याचं उत्तर त्याच प्रश्नात आहे. कुणीतरी आपलं नाव माझ्या नावाच्या वर लिहू द्यावं, एवढंच हवंय. मुदत न विचारता द्यावं असं वाटत होतं. ते होणार नाही. इथे कुणाचंच तसं होत नसावं. मुलंही बारावीनंतर गाव सोडतात, त्यांनाही सेन्सेई विचारत असतील.

ठरवलंय. खरं तेच सांगायचं, कार्डावर काय आहे आणि काय माहीत नाही. शिनाई बायकांची ३९ नंबरची, लांबी १२० सेंटिमीटरच्या आत, वजन ४४० ग्रॅमच्या खाली नको, दुकानात तराजूवर टाकून घ्यायची. टी-शर्ट आणि ट्रॅकपॅंट सुरुवातीला चालते. डाव्या तळव्याला फोड येणार, त्यासाठी टेप. सरावाआधी पोटऱ्या नीट ताणायच्या, आपल्या वयात डाव्या घोट्यामागची शीर तुटते ती अशाच घाईत.

आणि विमा. खेळाचा तो विमा एप्रिल ते मार्च असतो, मोठ्या माणसाला दोन हजार येनांच्या आसपास. वर्षात मध्येच कधीही भरला तरी पैसे पुरे आणि मुदत ३१ मार्चलाच संपते. क्लबचे खजिनदार म्हणाले, एप्रिलपर्यंत थांबलात तर तुमचा फायदा. थांबत नाही. आत्ताच भरते.