सांताक्रूझ पाऊस मॉडेल: 'ट्रेस'चा गुंता सुटला

मंडळी, सापडलं एकदाचं! पावसाचा अंदाज सांगणारं माझं मॉडेल ट्रेनिंगला (शिकवलेल्या डेटावर) झकास आणि टेस्टला (न पाहिलेल्या डेटावर) पार झोपतंय असं मागच्या अपडेटमध्ये म्हटलं होतं, त्याचं मूळ अल्गोरिदममध्ये नव्हतंच, पावसाच्या कॉलमच्या टाइपमध्ये होतं.

फीचर्सची, म्हणजे मॉडेलला देतो त्या कॉलमची, यादी छापून बघितली तर लांबच लांब. 'पाऊस_१२.४', 'पाऊस_०.६', 'पाऊस_३३.०'... आदल्या दिवशीच्या पावसाचा प्रत्येक आकडा वेगळा कॉलम होऊन बसलेला. कारण काय, तर सीएसव्हीत (डेटाच्या साध्या टेक्स्ट फाइलमध्ये) अधेमधे 'ट्रेस' लिहिलंय, म्हणजे थेंब पडले पण मोजता येतील इतके नाहीत, आणि असा एक जरी शब्द आला की पांडाज (पायथनची डेटा लायब्ररी) अख्खा कॉलम टेक्स्ट धरतं, मग तिचं गेट डमीज हे फंक्शन त्याला कॅटेगरी समजून फोडतं, आणि कुठे एरर नाही की वॉर्निंग नाही. मॉडेलच्या लेखी १२० मिमी आणि १२१ मिमी ही दोन परकी नावं! ट्रेनिंगमध्ये न आलेला आकडा टेस्टमध्ये आला की खेळ खलास.

खात्री करायला उतरत्या क्रमाने सॉर्ट केलं. ९८.६ हा ९४४ च्या वर. टेक्स्ट डावीकडून एकेक अक्षर बघतं, पहिला ९ सारखा, मग ८ मोठा की ४, झालं. आणि ९४४ म्हणजे कुठला पाऊस ते मुंबईकराला सांगायला नको, २६ जुलै २००५. तो ९८.६ च्या खाली बघून जीव तुटला.

आता उपाय. सगळे सांगतात टू न्यूमेरिक (टेक्स्टचे आकडे करणारं फंक्शन) लावा, एरर्सला 'कोअर्स' द्या, म्हणजे आकडा न होणारं सगळं एनएएन (रिकामी जागा) होतं. मला ते अजिबात पटत नाही. त्यात 'ट्रेस' पण एनएएन आणि खरोखर रीडिंग नसलेला दिवस पण एनएएन, मग तिथे मीडियन (मधला आकडा) भरला की रिमझिमीच्या दिवशी भलताच पाऊस पडतो. मी आधी 'ट्रेस'ला ०.०५ दिलं, शेजारी हो/नाहीचा एक कॉलम ठेवला, फक्त '-' ला (रीडिंगच नाही) एनएएन केलं आणि मग टू न्यूमेरिक 'रेझ'वर, म्हणजे उद्या नवीन काही कचरा आला तर कोड तिथेच थांबेल. थांबलाच, एका आकड्यात दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम होता! आता सॉर्ट केलं की ९४४ सगळ्यात वर. काय बरं वाटलं म्हणून सांगू.

स्टेशन कोडही उरकले. सांताक्रूझ ४३००३, कुलाबा ४३०५७, दिसायला आकडे पण ती नावंच आहेत. दोनच स्टेशनं असताना फरक पडत नाही, तिसरं आलं की लिनियर मॉडेल त्यांच्यात लहानमोठं लावत बसेल, म्हणून आत्ताच कॅटेगरी. आणि कळकळीने सांगतो, सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका. सेटिंग अमेरिकन असेल तर ०५/०७ चा ७ मे होतो आणि १३/०७ तसाच टेक्स्ट राहतो, अर्धा पावसाळा इकडे अर्धा तिकडे. साफ डेटा मी आता पार्केट नावाच्या फाइल फॉरमॅटमध्येच ठेवतो, टाइप जसेच्या तसे राहतात.

वाऱ्याची दिशा कॅटेगरी करणार होतो, पण हे लिहितानाच लक्षात आलं की ३५९ अंश आणि १ अंश खरं तर शेजारी आहेत, कॅटेगरीत ते नातंच तुटतं आणि नुसता आकडा ठेवला तर दोन टोकांना जातात. तर साइन आणि कोसाइन असे दोन कॉलम करतो, वारा शांत असेल त्या दिवसाला वेगळी खूण, कारण तिथे ० अंश म्हणजे उत्तर नव्हे.

टार्गेटचंही, म्हणजे मॉडेलने सांगायच्या उत्तराचंही, बदलतंय. नेमके मिमी सांगण्यापेक्षा हवामान खात्याचे वर्ग घ्यावेत असं वाटतंय, ६४.५ पासून जोरदार, ११५.६ पासून अति जोरदार, २०४.५ पासून अत्यंत जोरदार. क्रम असलेली कॅटेगरी आहे ही, साधी करून चालणार नाही. अशा ऑर्डिनल (क्रम असलेल्या) टार्गेटसाठी कोणी काय वापरतंय? रविवारी रीट्रेन लावतोय, त्याआधी सांगा.