एकटा चालतो, जोडीने पडतो

विंडोज सेव्हनच्या सपोर्टची मुदत १४ जानेवारी २०२० रोजी संपणार, हे वर्षभर आधी सगळ्यांना माहीत होतं. त्या वर्षी १४ला भोगी आली होती. आमच्या क्लायंटला, म्हणजे पुण्यातल्या एका मध्यम कंपनीला, जाग आली ती डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. चौऱ्याऐंशी लॅपटॉप भाड्याने घेतले, शनिवारी ११ तारखेला खोकी आली आणि "सोमवारी सकाळी सगळ्यांच्या टेबलावर विंडोज टेन हवं" असा निरोप आला. एचआरच्या मॅडमनी विचारलं, "इमेज टाकायची म्हणजे वॉलपेपर का?" मी हो म्हणालो. वाद घालायला वेळ नव्हता.

माझ्यासोबत आमचा ट्रेनी होता. बार्शीचा पोरगा, नोकरीत चौथा महिना, बोलायला कमी. त्या रात्रीबद्दल लिहायचं कारणही तोच, पण ते ओघाने येईलच.

ज्यांना हे काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एक लॅपटॉप मनासारखा तयार करायचा, त्याच्या डिस्कची इमेज काढून सर्व्हरवर ठेवायची आणि बाकीचे लॅपटॉप नेटवर्क केबलवरून सुरू करून त्यांच्यात ती ओतायची. आमच्या धंद्यात याला अजूनही 'घोस्ट मारणं' म्हणतात. घोस्ट नावाचं सॉफ्टवेअर वापरणं सुटून कैक वर्षं झाली, शब्द तेवढा राहिला. लॅपटॉप चालू करताना नेटवर्क बूट निवडलं की तो सर्व्हरकडून एक छोटं विंडोज मागून घेतो, ते रॅममध्ये चढतं आणि मग ते छोटं विंडोज मोठी इमेज खेचतं.

गोम इथेच आहे. छोटं विंडोज आणेपर्यंत नेटवर्क कार्ड चालवतं ते लॅपटॉपचं स्वतःचं फर्मवेअर, म्हणजे बोर्डावरच भरलेलं मूळ सॉफ्टवेअर. ते छोटं विंडोज एकदा उभं राहिलं की फर्मवेअर हात झटकतं आणि पुढे त्या विंडोजकडे त्याच कार्डाचं स्वतःचं ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, असावं लागतं. रिक्षावाल्याने दारापर्यंत सोडलं, जिना आपला आपण चढायचा. म्हणून "अहो, आत्ता तर केबलवरूनच बूट झाला, मग नेटवर्क नाही कसं म्हणतो?" हा प्रश्न प्रत्येक क्लायंट विचारतो आणि प्रत्येकाला वाटतं, आपण आयटीवाल्याला पकडलं.

मी या धंद्यात आलो तेव्हा हे सगळं फ्लॉपीवर चालायचं. प्रत्येक कार्डाची वेगळी फ्लॉपी. माझ्याकडे प्लास्टिकचा डबा होता, त्यात पेनाने लिहिलेली लेबलं: रिअलटेक ८१३९, इंटेल प्रो १००, थ्रीकॉम ९०५. डॉसचं ड्रायव्हर, त्यासोबत प्रोटोकॉल डॉट आयएनआय ही सेटिंगची फाइल, आणि त्यात ड्रायव्हरच्या नावाच्या शेवटी डॉलरचं चिन्ह. तो एक डॉलर लिहायचा राहिला की कार्ड ढिम्म. त्या डॉलरपायी मी नाशिकच्या एका बँकेत अख्खी दुपार घालवली आहे. सांगायचा मुद्दा, नेटवर्क कार्डाचं ड्रायव्हर शोधणं या गोष्टीत मी स्वतःला उस्ताद समजतो. निदान तोपर्यंत समजत होतो.

शनिवारी दुपारी तीनला पहिला लॅपटॉप लावला. छोटं विंडोज आलं आणि थांबलं. शिफ्ट एफ१० दाबून काळी खिडकी उघडली, आयपीकॉन्फिग मारलं, म्हणजे लॅपटॉपला नेटवर्कवर काय पत्ता मिळालाय ते विचारलं. कोरं. इथे माझा एक नियम आहे आणि तो मी प्रत्येक ट्रेनीला पहिल्या दिवशी सांगतो: आयपीकॉन्फिग कोरं आलं तर ड्रायव्हर नाही. १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता आला तर ड्रायव्हर आहे, पण पत्ते वाटणारा डीएचसीपी सर्व्हर भेटला नाही. नीट पत्ता आला तर ड्रायव्हरला शिव्या घालू नका, पुढे बघा. हा नियम लक्षात ठेवा, मी विसरलो होतो.

कोरं आलं यात नवल नव्हतं. आमच्या सर्व्हरवरची बूट इमेज, म्हणजे ते छोटं विंडोज, २०१५ची आणि लॅपटॉपातली चिप त्यानंतरची. लॅपटॉप भाड्याचे, डिस्का पुसलेल्या, त्यामुळे डिव्हाइस मॅनेजरमध्ये बघायची सोय नाही. अशा वेळी मी लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह लावतो आणि एलएसपीसीआय या आज्ञेला आतली सगळी उपकरणं क्रमांकांसकट विचारतो. उत्तर आलं: ८०८६, १५डी७. पहिला आकडा बनवणाऱ्या कंपनीचा, दुसरा चिपचा. ८०८६ म्हणजे इंटेल. स्वतःच्या १९७८च्या प्रोसेसरचं नाव त्यांनी व्हेंडर क्रमांक म्हणून घेऊन ठेवलंय, आणि दर वेळी तो दिसला की मला बरं वाटतं. १५डी७ म्हणजे आय२१९-एलएम, त्यातही चौथा प्रकार. आय२१९ नावाच्या डझनावारी चिपा आहेत. नाव तेच, क्रमांक वेगळा, आणि ड्रायव्हर नाव बघत नाही, क्रमांक बघतं. "मी आय२१९चं ड्रायव्हर टाकलं तरी चालत नाही" म्हणणाऱ्या दहातल्या आठांचं दुखणं एवढंच असतं.

मग ड्रायव्हर. लॅपटॉप बनवणाऱ्याच्या साइटवर गेलं की ते सीरियल नंबर मागतात आणि शेकडो एमबींची सेटअप फाइल हातात देतात. छोट्या विंडोजला सेटअप चालवता येत नाही. त्याला हवी असते आयएनएफ फाइल, जिच्यात कुठल्या चिपा चालतील त्यांची यादी असते, आणि शेजारी तिची एसवायएस, म्हणजे प्रत्यक्ष ड्रायव्हर. सेव्हन-झिपने सेटअपचं पोट फाडायचं, आत शिरायचं, एनडीआयएस६५ नावाचा फोल्डर गाठायचा, कारण विंडोज टेनचं त्यात असतं. मग आयएनएफ नोटपॅडमध्ये उघडून १५डी७ शोधायचं. सापडलं तरच ते ड्रायव्हर आपलं. आणखी एक गोष्ट, जी कुणी सांगत नाही: ड्रायव्हर जुळायला हवं ते छोट्या विंडोजच्या आवृत्तीशी. जी मोठी इमेज टाकायची आहे तिच्याशी त्याचा काही संबंध नाही. आणि गुगलवर पहिली येणारी, हिरव्या बटणांची ती 'ड्रायव्हर डाउनलोड' दुकानं! त्यांच्यावरून काही उतरवण्यापेक्षा रस्त्यावर सापडलेला पेनड्राइव्ह बरा.

ड्रायव्हर मिळालं, डिस्म नावाच्या विंडोजच्या टूलने बूट इमेजमध्ये घातलं, पुन्हा बूट केलं. पुन्हा कोरं. इथे मी दोन तास घालवले आणि त्याची लाज अजून आहे. विंडोजच्या डीव्हीडीवरच्या बूट डॉट विममध्ये, म्हणजे बूट इमेजच्या फाइलमध्ये, दोन खोल्या असतात, इंडेक्स एक आणि इंडेक्स दोन. बूट होते ती दुसरी. मी सामान पहिलीत ठेवून आलो होतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. घाई.

आठ वाजता पहिली रांग लागली. मल्टिकास्ट, म्हणजे सर्व्हर इमेज एकदाच पाठवतो आणि चोवीस लॅपटॉप मिळून ऐकतात. मी सेशनला अट घातली होती, चोवीस जण आले की सुटायचं. आमच्याकडच्या वडाप जीपसारखं, सीट भरल्याशिवाय हलणार नाही. त्या चोवीसात काही लॅपटॉप पुन्हा कोरे आले. पेनड्राइव्ह लावला तर १०ईसी, ८१६८. रिअलटेक! स्टिकर तेच, मॉडेल तेच, आत कार्ड वेगळं. सप्लायरला फोन केला तर म्हणतो, "साहेब, सगळा एकच लॉट आहे." चौऱ्याऐंशीपैकी अकरा असे निघाले. रिअलटेकचं ड्रायव्हर घातलं, या वेळी दुसऱ्या खोलीत, आणि पहिली जीप सुटली. एकोणीस जीबी, चाळीस मिनिटं. पोरगा खुश, मी त्याहून खुश.

थोडक्यात, एका दिवसात दोन वेळा दुखणं आलं आणि दोन्ही वेळा औषध एकच निघालं. तिसऱ्या वेळी माझं डोकं कुठे जाणार ते ठरलेलंच होतं.

दुसरी रांग साडेदहाला लावली. चोवीस लावले आणि सुटेना. सात नंबरच्या जागेवरचा लॅपटॉप मध्येच अडकायचा. तो रीस्टार्ट केला की एकोणीस नंबरचा अडकायचा. कधी बूटच अर्ध्यात तुटायचं. अकरा वाजून गेले असतील, पोरगा सर्व्हरच्या स्क्रीनसमोरून म्हणाला, "सर, यादीत तेवीसच दिसतायत. आणि एका ओळीचा नंबर सगळा आठ-आठ आहे."

मी केबल क्रिंप करत होतो. मान वर न करता म्हणालो, "एकाचं ड्रायव्हर चढलं नसेल. आधी ते बघ."

त्याने बघितलं. सात नंबरवर आयपीकॉन्फिग मारलं आणि सांगितलं, "सर, आयपी आलाय." पहिल्या दिवशी शिकवलेला नियम तो मलाच ऐकवत होता. मी म्हणालो, "आला असेल, पण ड्रायव्हर अर्धवट असेल." अर्धवट ड्रायव्हर! असं काही नसतं. एवढ्या वर्षांत हा शब्द मी त्या रात्री पहिल्यांदा वापरला.

पुढचे तीन तास मी जे केलं ते एखाद्या नवख्यानेही केलं नसतं. दोघांना बाजूला काढून उरलेल्यांची अट कमी केली आणि ती रांग सोडली, इथवर ठीक. मग सात नंबर माझ्या टेबलावर आणला, ड्रायव्हरची जुनी आवृत्ती शोधली, इमेजमध्ये घातली, बूट केला. चालला! मी टाळी वाजवली. तिसऱ्या रांगेत दोघांना परत बसवलं. पडले. एकोणीस नंबर टेबलावर आणला, त्याहून जुनी आवृत्ती. चालला. रांगेत बसवला, पडला. टेबलावर दर वेळी एकच लॅपटॉप असायचा आणि दर वेळी मला वाटायचं, ड्रायव्हर बदललं म्हणून चालला. ड्रायव्हर न बदलता एकट्याला लावून बघावं, हे सुचलं नाही. पोरगा दोन खुर्च्या जोडून झोपला होता. वॉचमन काका दोनदा येऊन, "अजून आहात का साहेब," विचारून गेले.

साडेतीनला मी स्विचचं, म्हणजे सगळ्या केबल जोडलेल्या पेटीचं, कन्सोल उघडलं, तेही वेगळ्याच कारणाने. एखाद्या केबलच्या तारा तुटलेल्या असल्या की त्या पोर्टाचा वेग शंभर मेगाबिटवर घसरतो आणि मल्टिकास्टमध्ये सगळ्यांना त्याच्या चालीने चालावं लागतं, ते तपासायचं होतं. समोर लॉग होता. एकच मॅक पत्ता पोर्ट सातवरून एकोणीसवर, एकोणीसवरून सातवर. शेकडो ओळी. पत्ता: ८८-८८-८८-८८-८७-८८.

मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक, जगात एकेकाच कार्डाचा असावा असा करार आहे. हा पत्ता कुणाचाच नव्हता. चिपच्या मेमरीत कारखान्याने खरा पत्ता लिहायच्या आधी जो भरताड असतो, तो हा. म्हणजे या दोन लॅपटॉपांचे मदरबोर्ड केव्हातरी दुरुस्तीत बदलले गेले होते आणि बदलणाऱ्याने नव्या बोर्डावर पत्ता लिहिलाच नाही. डीएचसीपी पत्ता बघून आयपी देतो, म्हणून दोघांना आयपी एकच. स्विचही पत्ता बघूनच माल पोचवतो, म्हणून एकाचा घास कधी दुसऱ्याच्या तोंडी. एकटा लावला की राजा.

एकेकटे लावून दोघांत इमेज टाकली. नंतर एकाच्या विंडोजमध्ये, कार्डाच्या ॲडव्हान्स्ड टॅबमध्ये जाऊन पहिलं ८८ बदलून ८ए केलं. स्वतः नेमलेल्या पत्त्यात दुसरा अंक २, ६, ए किंवा ई असावा लागतो. हा बदल फक्त विंडोजपुरता, फर्मवेअर ८८च म्हणत राहतं.

सहाच्या सुमारास पोरगा उठला. चौऱ्याऐंशीच्या चौऱ्याऐंशी लॉगिन स्क्रीनवर उभे. "काय होतं सर?" त्याने विचारलं.

मी म्हणालो, "ड्रायव्हरच."

का म्हणालो, ते मला नीट सांगता येत नाही. दमलो होतो, हे खरं आहे आणि पुरेसं नाही. रिपोर्टमध्ये कारणाचे तीन पर्याय होते, हार्डवेअर, ड्रायव्हर, इतर. तिथेही मी ड्रायव्हर निवडलं. सप्लायरला मात्र खरं सांगितलं, सीरियल नंबरांसकट. तो म्हणाला, "वायफाय चालतंय ना साहेब?"

मार्चअखेर लॉकडाउन लागला आणि लोक लॅपटॉप घेऊन आपापल्या घरी गेले. ते दोघंही वेगळ्या घरी, वेगळ्या राऊटरवर. कुणाची काही तक्रार नाही. २०२२मध्ये भाडेकरार संपला, डिस्का पुसून माल परत गेला. पुसताना माझं ८एही गेलं. सप्लायर कुठल्याही लॉटमधून कुठलाही लॅपटॉप उचलतो, त्यामुळे ते दोघं पुन्हा एका स्विचवर येतीलच असं नाही. आलेच, तर तिथला कुणीतरी आधी ड्रायव्हरच शोधेल.

पोरगा आता बंगळुरूला आहे, माझ्यापेक्षा जास्त कमावतो. गेल्या दिवाळीत शुभेच्छांच्या खाली त्याने विचारलं होतं, "सर, ते आठ-आठवाले दोन लॅपटॉप अजून आहेत का?"

म्हणजे त्याला तेव्हाही कळलं होतं. मी बराच वेळ टाइप करत होतो, खोडत होतो. शेवटी लिहिलं, "नाही रे, परत गेले."

त्याने अंगठा पाठवला.