एफसी मिस मारत होती, दोष कार्बोरेटरचा नव्हताच

आमच्या आण्णांची महिंद्राची जुनी पेट्रोल एफसी १५०, छोटा ट्रकच तो, बरीच वर्षं शेडमध्ये उभी होती. गेल्या दिवाळीनंतर चालू करायला घेतली. चालू झाली पण आयडलला सगळी केबिन हलायची, चढाला रेस दिली की कार्बोरेटरमधून फटाफट आवाज आणि रिकामी असून ओढच नाही.

गावातल्या मेकॅनिकने कार्बोरेटर दोनदा खोलला, मी टाकी धुतली, फिल्टर बदलला, फरक काही नाही. मग प्लग काढले तर चारही काळे, आणि एकेक प्लगची वायर काढून बघितली तर प्रत्येकवेळी इंजिन सारखंच बसायचं, म्हणजे एखादा सिलेंडर मेलाय असंही नाही. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलेंडर पेटायचा क्रम, १-३-४-२, तीही डिस्ट्रिब्यूटरच्या (प्रत्येक प्लगला पाळीपाळीने करंट वाटणारा भाग) कॅपवर बरोबर होती. (या इंजिनाचा कॅपखालचा रोटर घड्याळाच्या उलट फिरतो, वायरी लावताना इथंच बरेच जण चुकतात.)

शेवटी मित्राची टायमिंग लाइट आणली, एक नंबरच्या ठिणगीबरोबर चमकते आणि ठिणगी कधी पडते ते पुलीवरच्या खुणेवर दाखवते ती. एफसीत इंजिन दोन सीटच्या मध्ये झाकणाखाली असतं, त्यामुळे केबिनमध्ये बसूनच बरंचसं काम होतं, फक्त गरम जाम होतं. पुलीवरची खूण खालून बघावी लागली, आणि ती खूण एका जागी थांबेचना! मागेपुढे नाचत होती. रेस वाढवली तर हळूहळू पुढे सरकायला पाहिजे, ती एकदम उडी मारायची.

कॅप काढून रोटर धरला आणि शाफ्ट आडवा हलवला तर चक्क खडखडला. शाफ्ट ज्यात फिरतो तो बुश खाल्ला होता. त्यामुळे पॉइंटचा (शाफ्टवरच्या कॅमने उघडतो आणि ठिणगी पाडतो तो स्विच) गॅप प्रत्येक कॅमला वेगळा पडायचा, आणि गॅप बदलला की ठिणगीची वेळ बदलते. डिस्ट्रिब्यूटर क्रँकच्या निम्म्या स्पीडने फिरतो, म्हणून तिथली एक डिग्री म्हणजे क्रँकवर दोन. असं असताना टायमिंग कितीही लावा, टिकणार कसं? रेस वाढली की ठिणगी लवकर पाडणारी खालची ॲडव्हान्सची वजनंही जुन्या ग्रीसने चिकटली होती.

सांगलीच्या लेथवाल्याने गनमेटलचा बुश करून दिला, फार सुबक काम केलं. वजनं रॉकेलमध्ये धुतली, स्प्रिंगा जपून परत लावल्या, पॉइंट आणि कंडेन्सर नवीन टाकले. पॉइंटचा गॅप २० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), प्लगचा ३० थाऊ. मग एक नंबरच्या प्लगच्या भोकावर बोट ठेवून इंजिन हाताने फिरवलं, बोटाला दाब लागला की कंप्रेशन स्ट्रोक समजायचा, आणि खूण टॉपच्या (पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा) ५ डिग्री आधी आणून थांबायचं. कॉइलच्या पॉइंटकडच्या टर्मिनलपासून अर्थला बल्ब लावला, स्विच ऑन केला, डिस्ट्रिब्यूटर रोटर फिरतो त्याच्या उलट दिशेला हळूहळू फिरवत बल्ब पेटला त्या क्षणाला आवळला. पॉइंट उघडतो तेव्हाच बल्ब पेटतो, टायमिंग लाइट नसली तरी एवढ्यावर गाडी चालू करता येते. घाई केली की डिस्ट्रिब्यूटर आवळताना सरकतो, माझा दोनदा सरकला.

नंतर लाइटने बघितलं तर खूण जागेवर स्थिर. दंडोबाच्या चढाला नेली, आण्णा शेजारी बसले होते, एकदाही फट् आवाज नाही. महिन्याभराने प्लग काढले तर तिन्ही बदामी, चार नंबरचा अजून थोडा काळपट येतोय, त्याच्या व्हॉल्व्हचे टॅपेट आता बघायचे आहेत.