बक्षीसपत्र करायला आलेले बापलेक

दुय्यम निबंधक कार्यालयात दुपारची वेळ घेतलेली होती. बक्षीसपत्राचा मसुदाही बाहेरून टाईप करून आणला होता. काकांना फक्त वकील म्हणून माझी एकदा नजर फिरवून हवी होती. राजापूर तालुक्यातले निवृत्त शिक्षक, वय ऐंशीच्या पुढचं. सोबत न्यू जर्सीहून आलेला मुलगा. प्रॉव्हिडंट फंडाच्या पैशातून काकांनी कातळाची जमीन घेतली, सुरुंग लावून खड्डे काढले, माती आणून भरली आणि हापूसची कलमं लावली. ती बाग आता मुलाच्या नावावर करायची होती. वडील मुलाला शेतजमीन बक्षीस देतात तेव्हा महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क 200 रुपये लागतं, त्यामुळे हल्ली बहुतेक घरांतून हाच मार्ग धरतात.

मसुद्यात मुलाचा पत्ता गावचा होता आणि पुढे लिहिलं होतं, ‘राष्ट्रीयत्व भारतीय’. न्यू जर्सी ऐकल्यावर मी पासपोर्ट मागितला. त्याने बॅगेतून दोन पुस्तिका काढल्या. एक अमेरिकेचा निळा पासपोर्ट, दुसरी ओसीआयची, म्हणजे ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ची. काकांनी दुसरी स्वतःच्या हातात घेतली आणि तिच्यावरच्या सिंहांवर बोट ठेवलं. “मॅडम, दोन्हीकडचा नागरिक आहे तो. हे सरकारनेच दिलंय.”

हे वाक्य मी फार घरांतून ऐकलंय. आणि ते खरं नाही. आपली राज्यघटना अनुच्छेद 9 मध्ये आणि नागरिकत्व कायदा 1955 कलम 9 मध्ये एकच सांगतो: स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं त्याच क्षणी संपतं. कुणी रद्द करावं लागत नाही, नोटीस यावी लागत नाही. भारतीय पासपोर्ट वकिलातीत जमा करणं हा त्यानंतरचा कागदोपत्री भाग. ओसीआय म्हणजे आजन्म व्हिसा आणि काही सवलती. मतदान नाही, निवडणूक लढवणं नाही, सरकारी नोकरी सहसा नाही. घर, फ्लॅट घेता येतो. शेतजमीन, फार्महाऊस आणि मळे मात्र घेता येत नाहीत.

मुलगा म्हणाला, “पण अमेरिका दुसरं नागरिकत्व ठेवू देते. माझ्या ऑफिसातल्या लोकांकडे दोन-दोन पासपोर्ट आहेत.” त्याचं बरोबर होतं. अमेरिका हरकत घेत नाही, आणि त्याच्या ऑफिसातले लोक ज्या देशांतून आलेत तेही घेत नसतील. भारत घेतो. दोन्ही देशांनी हो म्हटलं तरच माणूस दोन्हीकडचा राहतो, आणि एवढी साधी गोष्ट अमेरिकन नागरिकत्वाची शपथ घेण्याआधी त्याला कुणी समजावून सांगितली नव्हती, याचं मला खरोखर वाईट वाटलं. लोक ग्रीन कार्डासाठी दहा-दहा वर्षं वकिलाच्या मागे असतात, पण गावच्या सातबाऱ्याचं काय होईल हे शपथेच्या आधी विचारत नाहीत.

“विकत नाही घेत आहे तो,” काका म्हणाले. “मी देतोय. बाप मुलाला देतोय.”

मी त्यांना फेमाचे, म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायद्याचे, 2019 चे नियम दाखवले. नातेवाइकाने बक्षीस दिलेलं घर ओसीआयधारकाला घेता येतं. शेतजमीन बक्षीस म्हणूनही घेता येत नाही. ती त्याच्याकडे एकाच वाटेने येऊ शकते, वारसाहक्काने. भारतात राहणाऱ्या माणसाकडून वारशाने आलेली शेतजमीन परदेशी नागरिक ठेवू शकतो. पुढे विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीयालाच विकता येते, आणि आपल्या कूळकायद्यामुळे तो शेतकरीही असावा लागतो.

काका बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. “म्हणजे मी गेल्यावरच.”

“हो, काका.”

“मला माझ्या डोळ्यांदेखत त्याचं नाव लागलेलं बघायचं होतं. सातबाऱ्यावर.”

यावर वकिलाकडे उत्तर नसतं. ज्या माणसाने एकेका खड्ड्यात माती ओतली, त्याला मी सांगत होते की तुमचा मुलगा तुमच्या बागेचा मालक होईल, पण तुम्ही हयात असेपर्यंत नाही.

मसुदा टाईप करणारा तेवढ्यात आत डोकावला आणि म्हणाला, “आधार आहे, पॅन आहे, रजिस्टर ऑफिसात कोण पासपोर्ट विचारतोय?” हा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो आणि तो माणसाला खड्ड्यात घालतो. व्यवहाराच्या रकमेच्या तिप्पट दंड होऊ शकतो, आणि खोटं राष्ट्रीयत्व लिहून सही केल्याचं प्रकरण वेगळं. कधीतरी एखादा भाऊबंद हद्दीवरून भांडतो, कागद काढतो, आणि सगळं वर येतं. मी मसुद्यातल्या राष्ट्रीयत्वाच्या ओळीवर काट मारली. बोलता बोलता मुलाचं नाव गावच्या मतदारयादीत अजून आहे हेही कळलं. ते वगळण्यासाठी फॉर्म 7 भरा, म्हटलं. भारतीय नागरिक नसलेल्याचं नाव तिथे राहणं बरोबर नाही.

मग मुलगाच म्हणाला, “ताईच्या नावावर करा ना, बाबा.”

बहीण चिपळूणला दिलेली. मोहोर आल्यापासून फवारणीला माणसं लावणं, राखणदाराचा पगार, पेट्या वाशीला पाठवणं, हे गेली काही वर्षं तीच बघत होती. काकांच्या ते लक्षात नव्हतं असं नाही. पण मुलगा परत येईल हे त्यांनी मनाशी धरलेलं होतं आणि बाग ही त्या परतीची खूण होती. बापलेक बाहेर व्हरांड्यात जाऊन बोलले. आत आले तेव्हा काकांनी वाटणी ठरवली होती. विहिरीकडची खालची बाग मुलीला, आत्ता, बक्षीसपत्राने. वरची बाग मुलाला, मृत्युपत्राने.

मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही, पण मी ती करायला लावते, आणि या वयात डॉक्टरचा दाखलाही जोडते. मुलाचा रद्द झालेला भारतीय पासपोर्ट, तो जमा केल्याचं प्रमाणपत्र आणि जन्मदाखला यांच्या प्रती सोबत ठेवायला सांगितल्या. वारसनोंद करताना ‘हाच तो मुलगा’ हे दाखवायला त्याच उपयोगी पडतात. दोन्ही दस्तांत काकांनी एक कलम आग्रहाने घालायला लावलं: विहिरीचं पाणी दोघांनी घ्यायचं आणि वरच्या बागेची वाट खालच्या बागेतून कायम चालू राहील. ते मी चतुःसीमेसह लिहिलं, कारण भावंडांत नाही तरी पुढच्या पिढीत भांडण वाटेवरूनच होतं.

दुपारची वेळ रद्द केली. पुढच्या आठवड्यात मुलगी चिपळूणहून आली, तिचं बक्षीसपत्र झालं आणि त्याच दिवशी मृत्युपत्रही नोंदवलं.

निघताना मुलाने विचारलं, “मला परत भारतीय होता येईल?” येतं. ओसीआय होऊन पाच वर्षं झालेली हवीत, अर्जाआधी बारा महिने भारतात राहिलेलं असावं लागतं, आणि अमेरिकेचं नागरिकत्व सोडावं लागतं. त्याची पाच वर्षं कधीच उलटली आहेत. मुली तिकडे शाळेत आहेत. ओसीआय मिळाल्याची तारीख त्याने मला मेलवर पाठवून ठेवली आहे, आणि बारा महिन्यांच्या काळात मधे तिकडे जाऊन येता येईल का, हे तो मागच्या फोनवर विचारत होता.