मे महिन्यात, एकट्याने, जळगाव ते जैसलमेर: तयारीचा माझा अनुभव

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवतो. सलग सुट्टी मिळते ती मे महिन्यातच, त्यामुळे 'थरच्या वाळवंटात थंडीत जावं' हा सल्ला माझ्या कामाचा नव्हता. सोबत यायला कोणी तयार नव्हतं, म्हणून मोटारसायकलवर एकट्यानेच जायचं ठरवलं. आमच्याकडे हा बेत सांगितला की लोक काळजी करत नाहीत. "आपल्याला काय ऊन नवीन आहे का रे भो!" म्हणतात आणि पुढचा विषय काढतात. जळगाव-भुसावळचा पारा दर उन्हाळ्यात ४५ च्या आसपास खेळतो, आणि खान्देशी माणसाला त्याचा थोडा गर्वच असतो.

तयारीला बसल्यावर हा गर्व आधी बाजूला ठेवला. आपण उन्हात राहतो म्हणजे नेमकं काय करतो? शेतातली माणसं झुंजुमुंजू निघतात आणि दहा-अकराला घरी येतात. बारा ते पाच गल्लीत कुत्रंही फिरत नाही. बाहेर पडलंच तर डोक्याला रुमाल, खिशात कांदा, आणि काम झालं की परत कूलरपुढे. ऊन चुकवण्यात आपण तरबेज आहोत. गाडीवर तासन्‌तास बसून ते अंगावर घेण्याचा सराव आपल्यालाही नाही. शिवाय जायचं होतं फलोदीच्या बाजूला, जिथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंश नोंदले गेले.

खरा धडा घरच्याच केळीच्या बागेत मिळाला. बागेच्या कडेला गजराज गवत किंवा शेवरीची दाट भिंत का लावतात, हे आप्पांना मी लहानपणापासून विचारत आलोय आणि उत्तर एकच: "उन्हानं केळ मरत नाही, वाऱ्यानं मरते." गरम कोरडा वारा पानातलं पाणी ओढून नेतो, पानं फाटतात, झाड बसतं. गाडीवरच्या माणसाचंही अगदी तेच होतं. त्वचेचं तापमान साधारण ३५ अंश. हवा त्यापेक्षा थंड असेल तोवर अंगावर येणारा वारा गार लागतो. हवा ४५ ला गेली की तोच वारा अंगात उष्णता भरतो, वर घाम फुटता फुटता उडवून नेतो. शर्ट कोरडाच राहतो, आणि आपल्याला वाटतं घाम येतच नाहीये. प्रत्यक्षात अशा हवेत तासाला लिटरभर पाणी सहज जाऊ शकतं.

एवढं कळल्यावर कपड्यांचा प्रश्न उलटाच झाला. उन्हाळ्यासाठी म्हणून दुकानदार जाळीचं जॅकेट पुढे करतात. सकाळच्या हवेत ते उत्तम, पण चाळिशीपुढे त्यातून नुसती भट्टीची हवा आत येते. मी झिपा बंद करता येतील असं साधं जॅकेट घेतलं. आत पूर्ण बाह्यांचा जुना सुती सदरा, तोही ओला करून. जॅकेट उघडं असेल तर सदरा बघता बघता वाळतो. गळ्याशी आणि मनगटाशी थोडी फट ठेवून बाकी बंद केलं तर ओल पुष्कळ वेळ टिकते आणि आत चक्क गारवा राहतो. हेल्मेट पूर्ण तोंडाचं, काच खाली. गळ्याला ओलं उपरणं, पण टोकं जॅकेटच्या आत खोचलेली. चाकात अडकणारं उपरणं उन्हापेक्षा वाईट.

रंगीत तालीम घरच्याच रस्त्यांवर केली: जळगाव, धुळे, शिरपूर, चोपडा आणि परत, अडीचशे किलोमीटरच्या आसपास, मुद्दाम भर दुपारी. एरंडोलच्या पुढे पाठीवरच्या पाण्याच्या पिशवीची नळी तोंडात धरली तर चहाइतकं गरम पाणी आलं. पिशवीतलं ठीक होतं, नळीतलं तापलेलं. प्रत्येक घोटानंतर नळीत फुंकर मारून पाणी मागे ढकलायचं, हा उपाय तिथेच सापडला. हँडलला लावलेला मोबाइल पारोळ्याच्या अलीकडे तापला आणि बंद पडला. मग गावं, अंतरं, पंप आणि लॉजचे नंबर जाड कागदावर मोठ्या अक्षरात लिहून टाकीवरच्या बॅगेच्या प्लॅस्टिकच्या खिशात घातले. मोबाइल आत, कपड्यात गुंडाळलेला.

पाण्याच्या बाबतीत सगळ्यात उपयोगी वस्तू माळ्यावर सापडली: आजोबांची कॅनव्हासची छागळ. बैलगाडीला टांगायचे ती. कापडातून झिरपणारं पाणी वाऱ्याने उडतं आणि आतलं गार होतं. जो वारा माणसाला सुकवतो तोच छागळीला थंड ठेवतो, आणि गाडीवर वाऱ्याला तोटा नाही. लेगगार्डला बांधली. पाठीवर तीन लिटर, छागळीत थोडं, मागे पाच लिटरचा कॅन. नुसतं पाणी ढोसत राहणंही घातक, कारण घामाबरोबर मीठ जातं. म्हणून ओआरएसच्या पुड्या घेतल्या. एक पुडी म्हणजे पूर्ण एक लिटर पाणी. अर्ध्या ग्लासात कालवून प्यायची नाही. पुडी नसेल तर लिटरभर पाण्याला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. दुकानातली गोड पेयं या कामाची नाहीत.

रस्ता निवडताना मेहुणे कामी आले. आमचे दाजी वर्षानुवर्षं सावदा-रावेरहून केळीचे ट्रक उत्तरेत नेत आलेत. माझ्यापुढे दोन वाटा होत्या, अंतर दोन्हींचं अकराशे ते बाराशेच्या घरात. एक गुजरातची: धुळे, नवापूर, सुरत, अहमदाबाद, पालनपूर, सांचोर, बाडमेर. दुसरी माळव्याची: सेंधवा, इंदूर, रतलाम, नीमच, उदयपूर, जोधपूर. दाजींनी गुजरात लगेच खोडलं. सुरत-भरूचची हवा दमट, घाम वाळत नाही. वडोदरा-अहमदाबाद एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदी, म्हणजे जुन्या रस्त्याच्या गर्दीतून जा. माळव्याचं पठार उंचावर, रात्री जरा तरी निवतं, झोप लागते. "दिवसा काय कर ते कर, रात्री झोप नाही झाली तर दुसऱ्या दिवशी गाडी चालवू नको," हे त्यांचं वाक्य मी कागदावर सगळ्यात वर लिहिलं.

वेळापत्रक किलोमीटरवर न बांधता घड्याळावर बांधलं. पहाटे साडेचारला किक, दहाला थांबायची जागा शोधायला सुरुवात, अकराला गाडी स्टँडवर, मग ती कुठेही असो. ताशी सरासरी पन्नास धरली तर तीनशेच्या आत जेवढं येईल तेवढाच टप्पा. पहिला टप्पा चोपडा, शिरपूर, बिजासन घाट, खलघाटला नर्मदा आणि वर इंदूर. निमाड आपल्याइतकंच तापतं, म्हणून नर्मदा नऊच्या आत ओलांडायची. पुढे नीमच, मग मुद्दाम लहान टप्पा उदयपूरचा, कारण तिथून अरवली उतरलं की मारवाड सुरू होतो आणि त्याआधी एक दुपार नीट विश्रांती हवी. जोधपूर-जैसलमेर २८५ किलोमीटर. मध्ये पोखरण, आणि त्याच्याजवळ रामदेवरा. तिथे यात्रेकरूंच्या धर्मशाळा आहेत, म्हणजे अकराच्या आत जैसलमेर गाठलं नाही तरी डोक्यावर छप्पर.

गणिताच्या माणसाला सुचणारी एक गोष्ट इथे उपयोगी पडली. जैसलमेर जळगावच्या पश्चिमेला सुमारे पावणेपाच रेखांश. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे आपल्यापेक्षा तिथे सूर्य एकोणीस-वीस मिनिटं उशिरा डोक्यावर येतो, मेमध्ये पाऊणच्या सुमारास. तापमानाचा कळस त्याच्याही पुढे तीन-चारला. त्यामुळे 'पाच वाजले, आता निघू' ही आपली सवय तिथे चालत नाही. सहा-साडेसहाशिवाय बाहेर पडण्यात अर्थ नाही. आणि मग अंधार होतो. अंधारात रस्त्यावर गुरं, नीलगाई आणि उंट. म्हणून संध्याकाळचा प्रवास मी योजनेतूनच काढून टाकला.

लॉजवाल्यांना फोन करताना भाव सोडून दोनच प्रश्न विचारायचो. सकाळी दहा-अकराला रूम मिळेल का? दुपारी बाराशिवाय चेक-इन नाही म्हणणारा लॉज अशा प्रवासात निरुपयोगी. आणि रूम कोणत्या मजल्यावर? शेवटच्या मजल्याची रूम स्वस्त असते आणि तापलेला स्लॅब रात्रभर अंगावर ओकत असतो, हे आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको. हवा कोरडी असल्याने साधा कूलर उत्तम चालतो. सीझन नसल्यामुळे जागा मिळण्याची अडचण नव्हतीच. जैसलमेरजवळच्या सम गावच्या वाळूतले बरेच तंबू त्या दिवसांत बंद असतात, पण दुपारी तंबूत राहायची हौस कोणाला?

गाडी पल्सर १५०, एअर-कूल्ड. मिस्तरींनी ऑइल, एअर फिल्टर, ब्रेक पाहिले, बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर भरलं, क्लच केबल नवी टाकून जुनी सीटखाली ठेवली. माझं डोकं मात्र टायरवर होतं. उन्हाळ्यात हवा कमी ठेवायची, असं अनेक जण ठामपणे सांगतात. कमी हवेचा टायर जास्त वाकतो, जास्त तापतो आणि फुटायची शक्यता वाढते. कंपनीने सांगितलेली हवा, तीही पहाटे टायर थंड असताना तपासायची. चेनला तेल थापून ठेवलं की वाळू चिकटून तिचं घासकागद होतं, म्हणून रोज पुसून अगदी हलका हात. पेट्रोलचा कॅन बांधून नेण्याचा सल्ला मानला नाही. टाकी १५ लिटरची, चाळीसचं ॲव्हरेज धरलं तरी सहाशे किलोमीटर. जैसलमेरहून पुढे सीमेजवळच्या तनोटच्या मंदिरापर्यंत जायचं होतं, तेही सव्वाशेच्या आत आणि निम्म्या वाटेवर रामगड. ४५ अंशांत मागच्या सीटवर पेट्रोल कशाला तापवायचं?

एकट्याने जाण्यातला खरा धोका पंक्चर नाही. उष्णता चढायला लागली की आधी विचारशक्ती मंदावते, आणि ती मंदावली हे ज्याला कळायला हवं तो आपणच असतो. सोबती असता तर म्हणाला असता, काय बरळतोस. म्हणून दर तासाला मोठ्याने तेवीसचा पाढा म्हणायचा, अडखळलो तर थांबायचं असा नियम केला. बायको म्हणाली, तुम्ही वर्गातही अडखळता. मग एकोणीसचा ठरला. डोकं दुखणं, मळमळ, गरगरणं यातलं काहीही झालं तर सावली, कपडे सैल, अंगावर पाणी, पंखा किंवा वारा. बोलण्यात गोंधळ किंवा शुद्ध हरपणं म्हणजे उष्माघात. तिथे १०८ ला फोन, आणि तोवर अंग गार करत राहणं. हे मी स्वतःसाठी लिहिलंच, शिवाय हिंदीत लिहून जॅकेटच्या वरच्या खिशात ठेवलं, रक्तगट आणि घरच्या नंबरासकट. पहाटे निघताना आणि थांबल्यावर घरी एकेक मेसेज. साडेअकरापर्यंत दुसरा आला नाही तर बायको लॉजला फोन करणार.

प्रत्यक्ष प्रवास सांगण्यासारखा फारसा नाही, आणि ते बरंच झालं. खलघाटला पोचेपर्यंत ऊन कोवळं होतं. रणकपूरचा घाट उतरताना हवा बदलली ती वळणावळणाला जाणवली. खाली आल्यावर झिपा बंद केल्या. पोखरणच्या पुढे मात्र आडवा वारा आणि त्यात वाळू. क्षितिजावर पिवळट भिंत दिसली तेव्हा आंधी येतेय हे चहाच्या टपरीवाल्यानेच सांगितलं. त्याच्या पत्र्याआड गाडी लावली, बूट झटकत बसलो. टपरीवाल्याला खान्देश माहीत नव्हता, पण भुसावळ जंक्शन माहीत होतं.

तनोटला पहाटे निघून दहाच्या आत परत येण्याइतका वेळ काढला. मंदिर बीएसएफ सांभाळतं, तिथवर जाता येतं. पुढे सीमेकडे जायचं तर त्यांची वेगळी परवानगी लागते, ती मी काढलेली नव्हती. लोंगेवालाचं युद्धस्मारक कडेने पाहायचा मोह होता, पण तो फेरा घेतला तर अकराची वेळ हुकणार होती. सोडून दिलं.

परत आल्यावर मिस्तरींनी एअर फिल्टर उघडला आणि सरळ कचऱ्यात टाकला. दाजी संध्याकाळी भेटायला आले. वाळवंट कसं होतं, ऊन किती होतं, काही विचारलं नाही. "ॲव्हरेज किती पडलं?" एकोणचाळीस, म्हणालो. "समोरचा वारा असेल," म्हणाले, आणि ज्वारीच्या बिबड्यांचं ताट स्वतःकडे ओढलं.