काजी कोण?

दार सरकवून आई आत शिरली, अंधाऱ्या बोळातून सरळ मागच्या चौकापर्यंत गेली आणि तिथूनच ओरडली, "अगं, हे तर आपलंच घर! फक्त झाडलेलं!" लेक मागून धावत, "आजी, बूट! पायरीवर चढू नकोस बुटांनी!"

नोव्हेंबर 2023 ची गोष्ट. लेक जपानमध्ये ओसाकाला नोकरी करते. तिने चार रात्रींसाठी क्योतोत जुनं घर भाड्याने घेतलं होतं. हॉटेल नाही, अख्खं घर. रात्रीचे अडतीस हजार येन, म्हणजे आपले एकवीसेक हजार. वर माणशी रोज 200 येन महापालिकेचा मुक्काम-कर. आकडा ऐकून मी बँकेतल्या सवयीने लगेच चौघांत भागला, तेव्हा कुठे घास घशाखाली उतरला.

आई म्हणत होती ते "आपलं घर" रावपुऱ्यातलं. माझं माहेर. सतरा फूट रुंद आणि आत जाल तितकं लांब. पुढे ओटला, मग बैठक, मग अंधारी मधली खोली, चौक, चौकात तुळस आणि नळ, त्यामागे स्वयंपाकघर. बडोद्यात पोळांमधून, म्हणजे जुन्या गल्ल्यांच्या वस्त्यांमधून, अशी कितीतरी घरं होती, काही अजून आहेत. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, एवढ्याशा दारामागे काय असणार! क्योतोतल्या अशा घराला माचिया म्हणतात, आणि त्याच्या अंगकाठीला "ईल माशाचं अंथरूण". चिंचोळं आणि लांबलचक. रस्त्यावरच्या रुंदीप्रमाणे कर बसायचा म्हणून घरं अशी, असं तिथे सांगतात. आमच्याकडे आजोबा सांगायचे, भावांनी वाटण्या उभ्या केल्या म्हणून.

तर बोळ. घराच्या एका कडेने रस्त्यापासून मागपर्यंत जाणारी ही वाट पूर्वी मातीची असायची, त्यातच चूल आणि विहीर. तिला तोरीनिवा म्हणतात. आमच्या या भाड्याच्या घरात आता तिथे गुळगुळीत सिमेंट आणि चकचकीत ओटा होता, पण डोक्यावर छत नाही, थेट कौलांपर्यंत पोकळी. काळ्याकुट्ट तुळया एकावर एक. चुलीचा धूर वर जावा म्हणून ही जागा मोकळी ठेवायची. नाव हिबुकुरो, म्हणजे आगीची पिशवी. ही पिशवी लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

मधे वाफ्याएवढी बाग. एक दगडी दिवा, नेचे, शेवाळ, एक झाड. उजेड आणि वारा तिथूनच. आई म्हणाली, "तुळस नाही एवढंच." खोल्यांत तातामी, म्हणजे गवती चटया, त्यावर बॅगेची चाकं फिरवायची नाहीत. दिवसा गाद्या भिंतीतल्या कपाटात, रात्री जमिनीवर. वळकटी गुंडाळायची सवय असलेल्या बाईला यात नवल ते काय. पण अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी जमिनीवरून उठणं हे वेगळंच काम असतं. रोज सकाळी मी आणि हे दोन्ही बाजूंनी धरून तिला उभी करायचो. ह्यांची तर निराळीच तऱ्हा. दारांची उंची पावणेसहा फूट, आणि हे सहा फूट. चार दिवसांत कपाळावर तीन टेंगळं.

जिना म्हणजे तर शिडीच. खाली खण, ड्रॉवर, वर पायऱ्या. आमच्याही जिन्याला धरायला दोर लोंबत असायचा. आई वर गेलीच नाही. "चाळीस वर्षं चढले, पुरे," म्हणाली.

न्हाणीघराचं तेवढं सांगते, कारण त्यावरून वाद झाला. टब भरला की एक धून वाजते आणि भिंतीतून एक बाई गोड आवाजात पाणी तयार असल्याचं सांगते. आधी बाहेर साबण लावून स्वच्छ व्हायचं, मग टबात नुसतं शेकत बसायचं. आणि पाणी सोडून द्यायचं नाही, त्याच पाण्यात एकामागून एक सगळं घर. आईचा चेहरा बघण्यासारखा झाला. "उष्ट्या पाण्यात?" शेवटी वडीलधारी म्हणून पहिला मान तिचा, असं ठरवून विषय मिटवला. मग ती पाऊण तास बाहेर येईना.

दुसऱ्या दिवशी मी वरण-भात टाकला. बडोद्याहून तूरडाळ, हिंग, गोडा मसाला सगळं नेलं होतं. तेल तापलं, मोहरी, हिंग, लाल मिरची. मिरची जरा जास्तच तापली. धूर त्या पोकळीतून अगदी दीडशे वर्षांपूर्वीच्या सुताराला हवा होता तसा सरळ वर गेला. आणि वर, बरोबर तिथेच, घर दुरुस्त करणाऱ्यांनी धुराचा अलार्म बसवला होता.

"काजी देसू! काजी देसू!"

किंकाळीसारखी शिट्टी आणि मधूनमधून हेच शब्द. लेक जिन्यावरून वर पळाली, हे तिच्यामागे (टेंगूळ क्रमांक दोन), मी गॅस बंद करून ताटाने वारा घालत होते, आणि आई खुर्चीवर बसून शांतपणे, "कोण काजी? इथे कुठला काजी?"

काजी म्हणजे आग. "आग लागली आहे," असं ते यंत्र सांगत होतं.

हसून झाल्यावर मात्र लाज वाटली. शेजारच्या भिंतीला भिंत लागून, सगळं लाकूड आणि माती. गल्लीत जागोजागी लाल रंगाच्या पाण्याच्या बादल्या ठेवलेल्या असतात, त्या शोभेच्या नव्हेत. आमचं घर होतं ते निशिजिन म्हणजे विणकरांची वस्ती. 1730 च्या आगीत इथले हजारो माग जळाले. 1864 मध्ये शहराचा मोठा भाग गेला, म्हणून आज दिसणारी बहुतेक जुनी घरं त्यानंतरची. ओट्यावर भिंतीला एक कागद चिकटवलेला होता, अतागो डोंगरावरच्या देवळातला, आगीपासून सांभाळ म्हणून. आईने येताना त्याला नमस्कार केला होता. मी केला नव्हता.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. मागच्या खोलीत, जिथे पूर्वी माग होता (छत मुद्दाम उंच, नक्षी विणणारा जकार्ड माग उंच असतो म्हणून. 1872 मध्ये क्योतोने माणसं फ्रान्सला पाठवून ते तंत्र आणवलं), तिथे एक खांब आहे. वरून काळा, आणि खालचा फूटभर पांढुरका, नवा. दोन्ही लाकडं बोटांत बोटं गुंतवावीत तशी एकमेकांत बसवलेली. कुजलेला बुंधा कापून फक्त तेवढाच बदललेला. मी गुडघे टेकून सांध्यावर नख फिरवलं. नख अडकत नव्हतं.

आमच्या मधल्या खोलीच्या खांबाला 2009 मध्ये उधई लागली. ठेकेदाराने टकटक करून पाहिलं आणि म्हणाला, "आखुं काढवुं पडशे." सगळंच काढावं लागेल. ते "सगळंच" पाच वर्षांनी खरं झालं. भाऊ पुण्यात, मी बडोद्यातच कारेलीबागेत फ्लॅटमध्ये, आई एकटी त्या जिन्यावर. घर विकलं. सागवान घनफुटावर गेलं, कोरीव लाकूड एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने वेगळं नेलं. बडोद्यातला जुना तांबेकर वाडा सरकारने राखला तो भिंतीवरच्या चित्रांमुळे. आमच्या भिंतीवर कॅलेंडरं होती.

"बघ," मी आईला म्हटलं, "एवढाच तुकडा बदलायचा होता."

आईने खांबावरून हात फिरवला. "छान केलंय," म्हणाली. मग, "पण खाली गरम जमीन केलीये, शौचालय आत आणलंय, गिझर आहे. हे एवढं करायला तुझ्या बाबांकडे पैसे होते का? आणि मी काही परत राहायला गेले नसते हं. तू चार दिवसांसाठी आलीयेस."

मला राग आला, कारण ती बरोबर होती. तिथे तरी कुठे सगळी टिकलीत. आमच्या घराला लागून जिथे दुसरं असंच घर असणार, तिथे तीन गाड्यांचं पैसे टाकून लावायचं पार्किंग आहे. शहराच्या 2016 च्या पाहणीत माचिया उरल्या चाळीस हजारांच्या आसपास. त्याआधीच्या पाहणीत, सात वर्षांपूर्वी, सत्तेचाळीस हजारांवर होत्या. वारसाकर भरायला मुलं घर विकतात. 1950 च्या बांधकाम कायद्यानंतर तसंच नवीन बांधणंही सोपं राहिलेलं नाही. जी वाचतात, त्यांत आमच्यासारखे बॅगा घेऊन येतात, आणि शेजाऱ्यांना ते फारसं आवडत नाही. दाराच्या आत पाटीच आहे: रात्री नऊनंतर गल्लीत बॅग ओढू नका, उचला.

निघायच्या दिवशी 25 तारीख होती, कितानो तेनमांगूच्या देवळाबाहेरचा महिन्याचा बाजार. लवकर आवरायचं म्हणून सहाला उठले, तर आई जागेवर नाही. स्वतःची स्वतः उठली होती. धावत बाहेर आले. शेजारच्या आजी आपल्या दारासमोर झाडत होत्या, रोज झाडतात. आपलं अंगण आणि शेजाऱ्याचं फूटभर, त्याहून जास्त नाही, जास्त झाडलं तर तो आगाऊपणा, असं लेकीने आदल्या दिवशीच सांगितलं होतं.

आईने बोळातला झाडू काढला होता. आमच्या दारासमोर झाडून झालं होतं, आणि आता ती थेट पार्किंगपर्यंत पोचली होती. एका हातात झाडू, दुसऱ्यात न्हाणीघरातलं प्लॅस्टिकचं घमेलं, सडा घालायला.

त्या आजी थांबून बघत होत्या. मी कमरेत वाकून माफी मागायच्या बेतात. आई मराठीत त्यांना म्हणाली, "इकडे कुणी नाही ना झाडायला, म्हणून."

त्यांनी वाकून काहीतरी उत्तर दिलं. बरंच लांब होतं. आई मान डोलावत ऐकत राहिली.