पाक, पण न गोठणारा

मार्शमॅलो करायला घेतले आणि कृतीत कॉर्न सिरप निघालं. घरात नव्हतं. म्हटलं, शेवटी साखरेचा पाकच ना, त्यात काय एवढं!

पहिला पाक फुकट गेला. २ कप साखर, पाऊण कप पाणी, उकळी आली तरी माझा हात स्वस्थ बसेना. ढवळत राहिले. गार होईपर्यंत पातेल्यात चक्क खडीसाखर.

दुसऱ्यांदा मापं तीच, फक्त सोबत १ चमचा लिंबाचा रस आणि चिमूटभर मीठ. आंबटपणामुळे तापलेल्या साखरेतली थोडी साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं. मग या गर्दीत उरलेल्या साखरेला पुन्हा स्फटिक बांधणं अवघड जातं. सगळी कमाल त्या लिंबाची! उकळी आल्यावर चमचा हातातून ठेवूनच दिला. कडेला चिकटलेले दाणे तेवढे ओल्या ब्रशने पुसून घेतले, कारण एक दाणासुद्धा सगळा पाक गोठवू शकतो.

११२ अंश सेल्सिअसला गॅस बंद केला. गार झाल्यावर जरा जास्तच घट्ट वाटला, म्हणून दोन चमचे गरम पाणी घालून सैल केला.

हे काही खरं कॉर्न सिरप नव्हे. ते मक्याच्या स्टार्चपासून करतात आणि साखरेपेक्षा कमी गोड असतं. माझा पाक चांगलाच गोड झालाय. पण बरणीत काचेसारखा स्वच्छ दिसतोय, संध्याकाळपासून चारदा उघडून बघितला. मार्शमॅलो राहिलेच. उद्या बघू.